संगणकाची पदवी : शिकवतो कोण, तपासतो कोण?

२००४ च्या जून महिन्यातली गोष्ट. बारावीचा निकाल लागला होता आणि प्रवेशाची धावपळ सुरू होती. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलाचे वडील शिक्षकांच्या खोलीत आले आणि त्यांनी टेबलावर एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवले. मल्टिमीडिया आणि सॉफ्टवेअर यांतली बी.एस्सी., मुदत तीन वर्षे, नोकरीची शंभर टक्के हमी. एका वर्षाची फी त्यांच्या शेतीच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून जास्त होती. पतसंस्थेचे कर्ज मंजूर झाले होते. मास्तरांनी एकदा जागा बघून यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही गेलो. तालुक्याच्या गावी एका बँकेच्या वरच्या मजल्यावर वातानुकूलित खोलीत पंधरा नवे कोरे संगणक मांडलेले होते. आमच्या शाळेत तेव्हा दोन होते आणि त्यांतला एक बंद होता. आम्ही संगणक मोजले, खुर्च्या पाहिल्या, आणि परत येऊन 'चांगले दिसते' असे सांगितले. पदवी देणारे विद्यापीठ कोणते, ते आहे कुठे, प्रश्नपत्रिका कोण काढणार आणि उत्तरपत्रिका कोण तपासणार, हे विचारायचे आम्हाला सुचलेच नाही. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत रायपूरच्या एका खासगी विद्यापीठाचे नाव छापलेले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते ओघाने येईल. पण त्या दिवशी आम्ही जो प्रश्न विचारला नाही, तो आपल्या देशात नवा नव्हता. संगणक शिकवायचा कोणी, काय म्हणून, किती पैशांत, आणि शिकला की नाही हे ठरवायचे कोणी, याची उत्तरे आपल्याकडे १९६० च्या दशकापासून शोधली जात होती. त्यांतली काही फार चांगली होती.

सुरुवात कानपूरपासून करावी लागते. त्याआधी देशात संगणक नव्हते असे नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यात एक परदेशी यंत्र आले होते, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने स्वतःचे यंत्र बांधले होते. ते १९६० मध्ये चालू झाले आणि पुढे 'टिफ्रॅक' या नावाने ओळखले जाऊ लागले. परंतु ही यंत्रे संशोधकांसाठी होती. विद्यार्थ्याने स्वतः आज्ञावली लिहायची, ती यंत्राला द्यायची, चूक सापडली की दुरुस्त करून पुन्हा द्यायची, हे शिक्षणाचा रोजचा भाग म्हणून घडले ते आय.आय.टी. कानपूरमध्ये. ऑगस्ट १९६३ मध्ये तिथे आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले. अमेरिकी विद्यापीठांच्या मदतीने ही संस्था उभी राहत होती, आणि यंत्राबरोबर हॅरी हस्की यांच्यासारखे अनुभवी संगणकतज्ज्ञही आले होते.

यंत्र एक आणि शिकणारे पुष्कळ, अशी स्थिती होती. त्यातून एक उपयुक्त सवय लागली. फॉर्ट्रानमधली आज्ञावली आधी कागदावर लिहायची, मनातल्या मनात पायरी-पायरीने चालवून पाहायची, मग कार्डांवर छिद्रे पाडून गठ्ठा यंत्रापाशी द्यायचा. आपली पाळी येऊन उत्तर हाती पडेपर्यंत थांबावे लागे. एका स्वल्पविरामाची चूक झाली की पुन्हा रांग. आज हे ऐकून मुलांना हसू येते. पण यंत्रावरचा वेळ महाग असला की विचार कागदावर करावा लागतो, आणि कागदावर केलेला विचार यंत्र बदलले तरी कामी येतो. कानपूरला व्ही. राजारामन आणि एच. एन. महाबल यांनी बाहेरच्या शास्त्रज्ञांसाठी, अभियंत्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी थोड्या दिवसांचे सघन वर्ग चालवले. तिथे शिकलेली मंडळी आपापल्या गावी परतून शिकवू लागली. राजारामन यांचे आज्ञावलीलेखनाच्या तत्त्वांवरचे पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघाले. ते विद्यार्थ्याला परवडेल अशा किमतीत निघावे, हा त्यांचा आग्रह होता. स्वस्त आणि चांगल्या संगणकशिक्षणाचा आपल्याकडचा हा पहिला ठळक दाखला म्हणता येईल. त्यात यंत्र नव्हते. एक पुस्तक होते आणि ते शिकवू शकणारा शिक्षक होता.

१९७० च्या दशकात कानपूरला संगणकशास्त्राचा एम.टेक. आणि दशकाच्या अखेरीस बी.टेक. सुरू झाला. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी फारच थोड्या होत्या. १९७८ मध्ये परकीय चलन नियमन कायद्यामुळे आय.बी.एम. कंपनी भारतातून गेली. तिची यंत्रे मागे राहिली आणि ती चालवायला, नवी बसवायला, त्यांच्यासाठी आज्ञावल्या लिहायला माणसे हवी झाली. अभियंते पुरणार नाहीत हे उघड होते. यावर राजारामन यांच्याच अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स आयोगाची मनुष्यबळाविषयीची समिती नेमली गेली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी तिच्या शिफारशीतून एम.सी.ए. ही पदवी जन्माला आली.

ही पदवी म्हणजे एक साधी पण धाडसी कल्पना होती. वेतनपत्रके, साठ्याचे हिशेब, तिकिटांचे आरक्षण अशा कामांसाठी आज्ञावल्या लिहायला अभियंताच हवा असे नाही. गणित पक्के असलेला बी.एस्सी. किंवा बी.कॉम. पदवीधर ते करू शकतो. त्याला तीन वर्षे द्या. संगणकाची रचना, विदा-संरचना, प्रणालींचे विश्लेषण शिकवा, जोडीला हिशेबनीस आणि व्यवस्थापक कसा विचार करतो तेही शिकवा, आणि शेवटी काही महिने प्रत्यक्ष कामावर पाठवा. हे सगळे नेहमीच्या विद्यापीठांत, नेहमीच्या विद्यापीठाच्या फीमध्ये व्हावे. अभियांत्रिकीचा प्रवेश हुकलेल्या हजारो मुलामुलींना ही दुसरी दारवाट मिळाली. पुणे विद्यापीठात १९८० च्या सुमारास संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग उभा राहिला होताच. पुढे महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत बी.एस्सी.च्या पातळीवरही संगणकशास्त्र आले. नाशिक जिल्ह्यातला किंवा कोकणातला एखादा पदवीधर घरी जमीनजुमला न विकता या क्षेत्रात शिरला असेल, तर तो बहुधा याच वाटेने. (एम.सी.ए.ची मुदत २०२० मध्ये तीनवरून दोन वर्षांवर आली. विद्यार्थ्याचा एका वर्षाचा खर्च वाचला हे खरे. पण गणित नसलेल्या पदवीधराला पायाभरणीसाठी मिळणारा वेळही त्यात गेला, असे आम्हाला वाटते.)

या वाटेवर जागा मात्र कमीच राहिल्या, आणि मागणी वाढत गेली. १९८४ मध्ये संगणकाची आयात सोपी करणारे धोरण आले. त्याच सुमारास काही शाळांत 'क्लास' प्रकल्पातून बी.बी.सी. मायक्रो हे छोटे संगणक आले. जुन्या शिक्षकांना ते प्लास्टिकच्या आच्छादनाखाली जपून ठेवलेले आठवत असतील. दुसरीकडे, ज्या मुलांना विद्यापीठात जागा नव्हती त्यांच्यासाठी शहरोशहरी खासगी वर्ग उघडले. एन.आय.आय.टी. १९८१ मध्ये सुरू झाली, ॲपटेक १९८६ मध्ये. त्यांच्यामागून गल्लोगल्ली लहान संस्था आल्या.

या संस्थांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलायला पाच वर्षे लागत तिथे यांचा सहा महिन्यांत बदले. संध्याकाळी वर्ग असत, त्यामुळे नोकरी करणारा कारकूनही शिकू शके. विद्यापीठांनी जे दार अर्धवट उघडले होते त्यातून आत न येऊ शकलेल्यांना यांनी बसायला जागा दिली. अडचण वेगळीच होती. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच, आणि फी घेणाराही तोच. ज्याने पैसे भरले त्याला नापास करण्यात संस्थेचे नुकसान होते. शिवाय बहुतेक ठिकाणी शिकवले जाई ते वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. म्हणजे तीन तयार आज्ञावल्यांची बटणे. १९९० च्या दशकाच्या मध्यास विंडोज सर्वत्र झाले आणि तिन्हींचा बाजार उठला. प्रमाणपत्र भिंतीवर राहिले.

या अडचणीवर सरकारने १९९० मध्ये काढलेला उपाय आजही फारसा कोणाच्या लक्षात नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांनी मिळून 'डोएक' नावाची योजना आखली. तिच्या चार पायऱ्या होत्या : ओ, ए, बी आणि सी. पहिली पायरी पायाभूत, 'बी' साधारण एम.सी.ए.च्या तोडीची, 'सी' एम.टेक.च्या. योजनेचे मर्म पायऱ्यांत नव्हते. शिकवणे एकाकडे आणि तपासणे दुसऱ्याकडे, हे तिचे मर्म होते. खासगी संस्थांनी मान्यता घेऊन शिकवावे, पाहिजे ती फी घ्यावी. परीक्षा मात्र देशभर एकच, आणि ती संस्थेच्या हातात नाही. ठरावीक पात्रता असलेल्याला कोणत्याही संस्थेत न जाता थेट परीक्षेलाही बसता येई. निकाल कडक लागत. एखाद्या वर्गातली पोरे ओळीने नापास होऊ लागली की तिथे शिकवण्याच्या नावाखाली काय चालते ते गावाला कळे. वर्गाच्या खोलीला वातानुकूलन आहे की नाही, याचा त्या निकालाशी काही संबंध नव्हता.

मग ही योजना घरोघर का पोहोचली नाही? कारण ती अवघड होती, आणि जाहिरात तिच्या बाजूला नव्हती. १९९८ ते २००० या काळात संगणकांतल्या दोन आकडी वर्षांचा घोळ निस्तरण्यासाठी अमेरिकी कंपन्यांना कोबोल जाणणारी माणसे शेकड्यांनी हवी होती. सहा महिन्यांत नोकरी लागते असे दिसत असताना कडक परीक्षेची तयारी कोण करणार? २००१ मध्ये तो भर ओसरला. त्या लाटेवर कर्ज काढून शिरलेली मुले नेमकी तेव्हा बाहेर पडत होती. ही योजना बंद मात्र पडली नाही. २०११ मध्ये संस्थेचे नाव बदलून 'नायलिट' झाले आणि तिच्या परीक्षा पुढेही चालू राहिल्या.

माध्यमांच्या शिक्षणाची कहाणी वरवर निराळी वाटते, पण तिच्या पोटात तोच प्रश्न आहे. १९५६ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले आणि तिथल्या चित्रकारांना त्यांनी हलत्या चित्रांची कला शिकवली. जातककथेवरचा 'द बनयन डियर' हा छोटा चित्रपट त्यातून १९५७ मध्ये तयार झाला. त्या वर्गात शिकलेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे गुरू ठरले. शिकवले काय जाई? चेंडू जमिनीवर आपटला की किती चपटा होतो, चालणाऱ्या माणसाचे वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसे जाते, एका सेकंदाला किती चित्रे लागतात. साधने पेन्सिल आणि कागद. पवईच्या आय.आय.टी.त १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. तिथे शिकवणारे र. कृ. जोशी मूळचे जे. जे. उपयोजित कला संस्थेचे. बोरूने अक्षर गिरवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी घडवलेला 'मंगल' हा देवनागरी टंक विंडोज २००० बरोबर जगभर गेला. अक्षराची उभी रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक, हे ज्या हाताला माहीत होते त्या हाताला संगणक नंतर आला तरी चालला.

याच्या उलट १९९६ नंतरची मल्टिमीडियाची लाट पाहा. त्या वर्षी मॅक्रोमीडिया कंपनीने 'फ्लॅश' हाती घेतले आणि पाहता पाहता संकेतस्थळांवरची सगळी हालचाल त्यात होऊ लागली. फ्लॅश आणि डायरेक्टर शिकवणाऱ्या वर्गांचा आपल्याकडे सुकाळ झाला. काही मुलांनी वर्षा-दोन वर्षांसाठी अभियांत्रिकीइतकी फी भरली. २००५ मध्ये ॲडोबी कंपनीने मॅक्रोमीडिया विकत घेतली. २०१७ मध्ये डायरेक्टर बंद झाले, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला गेला. ज्यांनी त्या वर्गात रेखाटन, काळाचे भान आणि थोडी आज्ञावली शिकून घेतली ते दुसऱ्या साधनांकडे वळले. ज्यांना फक्त पट्टीवरच्या बटणांची जागा माहीत होती त्यांचे काय झाले ते त्यांच्या शिक्षकांना विचारावे. म्हणून माध्यमांच्या पदवीचा अभ्यासक्रम हाती आला की आम्ही त्यातली विकाऊ आज्ञावल्यांची नावे पेन्सिलने खोडतो आणि मागे काय उरते ते पाहतो. चित्र, ध्वनी, छायाप्रकाश, कथनाची बांधणी, गणित, एखादी आज्ञावलीची भाषा असे काही उरले तर ठीक. कधी कधी पान कोरे होते.

आता त्या रायपूरच्या विद्यापीठाकडे वळू. छत्तीसगढ विधानसभेने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला. त्यात विद्यापीठ स्थापन होण्यासाठी शासनाच्या राजपत्रात एक अधिसूचना पुरत असे. साधारण वर्षभरात शंभराहून अधिक विद्यापीठे कागदावर उभी राहिली. पुष्कळांना इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, काही तर एकेका खोलीत होती. पण पदवी देण्याचा अधिकार मात्र होता, आणि दुसऱ्या राज्यांत अभ्यासकेंद्रे उघडण्याची मुभाही कायद्यात होती. संगणक आणि व्यवस्थापन ही त्यांची आवडती दुकाने.

याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे गेले ते आपल्या वाचकांना परके नाहीत. विश्वकिरणांचे अभ्यासक, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट'मधून मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे, आणि १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याविषयीचा अहवाल लिहिणारे प्रा. यश पाल. तेव्हा त्यांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढे होते. ११ फेब्रुवारी २००५ रोजी निकाल लागला. शिकवण्याची आणि संशोधनाची काहीही सोय नसलेल्या संस्थेला विद्यापीठ म्हणता येणार नाही, आणि एका राज्याची विधानसभा दुसऱ्या राज्यात विद्यापीठाची केंद्रे उघडायला परवानगी देऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्या विद्यापीठांच्या स्थापनेची कलमे रद्द झाली. विद्यार्थ्यांचे वर्ष फुकट जाऊ नये म्हणून छत्तीसगढमधल्या संस्था तिथल्या सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्याची मोकळीक न्यायालयाने ठेवली.

परराज्यातल्या माडीवरच्या केंद्रांचे विद्यार्थी अधांतरी राहिले. आमच्या तालुक्यातले केंद्र मार्चमध्ये बंद झाले. संगणक रात्रीतून हलवले होते.

अशी घटना एकदाच घडली असे मात्र समजू नये. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ पासून आवश्यक परवानगीशिवाय पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या त्या पदव्या स्थगित केल्या आणि पुन्हा परीक्षा देऊन त्या टिकवण्याची संधी दिली. त्यानंतरच्या सत्रांतल्या पदव्या रद्द ठरवल्या. बारा-पंधरा वर्षे नोकरी केलेल्या, घरसंसार मांडलेल्या माणसांना पुन्हा परीक्षेच्या बाकावर बसावे लागले. फी तर त्यांनी कधीच भरून टाकली होती.

या पार्श्वभूमीवर अलीकडे उघडलेल्या काही वाटा शिक्षकांना नीट माहीत असायला हव्यात. आय.आय.टी. आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये एन.पी.टी.ई.एल. सुरू केले, त्यावरची व्याख्याने विनामूल्य आहेत, आणि २०१४ पासून थोडी फी भरून, प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन त्यांची परीक्षा देता येते. २०२० मध्ये आय.आय.टी. मद्रासने आज्ञावलीलेखन आणि विदाशास्त्र या विषयांची ऑनलाइन पदवी जाहीर केली. तिला जे.ई.ई. लागत नाही. आधी काही आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात. मध्येच थांबावे लागले तर तोवरचे प्रमाणपत्र किंवा पदविका हातात पडते, आणि घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये मोठी सवलत मिळते. शिकवणे घरबसल्या, पण महत्त्वाच्या परीक्षा केंद्रावर समोर बसून. 'डोएक'च्या आखणीची आठवण यावी अशीच ही रचना आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ यांचेही संगणकाचे अभ्यासक्रम आहेत. आणि आपल्या जवळच्या अनुदानित महाविद्यालयातली बी.एस्सी. आहेच, जिच्याकडे तिचे माहितीपत्रक गुळगुळीत नसते म्हणून कोणी बघत नाही. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ते आकडे सर्वांना पाहायला मिळतात, आणि पालकाकडे मागितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहायला पाच मिनिटे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो.

तो मुलगा २००५ च्या जूनमध्ये पुन्हा प्रथम वर्षाला बसला, तालुक्याच्या महाविद्यालयात, गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन. वर्गातले बाकीचे त्याच्याहून एक वर्षाने लहान होते. यावेळी आम्ही त्याच्याबरोबर गेलो तेव्हा कार्यालयातल्या लिपिकाला आधी विद्यापीठाचे संलग्नतेचे पत्र दाखवायला सांगितले. असे पत्र आजवर कोणी मागितले नव्हते म्हणून त्यांना ते शोधायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही व्हरांड्यात थांबलो. वर्षाची फी त्याच्या वडिलांनी खिशातून काढून तिथेच मोजली. पतसंस्थेचे जुने हप्ते पुढे तीन वर्षे चालू होते.